शुक्रवारचं परस्तान

शहापूर, ता. ५ जुलै १९४३

लडकू व्याही,

रामराम घ्या आणि खाली बसा. उभ्याने वाचण्यासारखं हे पत्र नाही.

अनंताचं पत्र आलं. त्याच्या हातचं नाही, शेजारच्या खाटेवरल्या कुणीतरी लिहून दिलंय. बंगालच्या बाजूला खरगपूर म्हणून मोठं जंक्शन आहे, तिथल्या दवाखान्यात तो पडून आहे. विमानतळाच्या कामावर गेलेली आपल्याकडची पोरं तापाने लोळली, त्यातला हा एक. ताप अंगात मुरलाय आणि पोटात काही ठरत नाही. लिहितो, 'बाबा, आता अंगात काही राहिलं नाही. चंद्राला एकदा बघायचंय. धाडता आली तर धाडा.' पुढे असंही आहे की आजाऱ्यांना मुंबईकडे न्यायची एक गाडी निघणार म्हणतात, पण नुसतं म्हणतातच. तर त्या गाडीचा मीही भरवसा धरत नाही. आसनगाव स्टेशनाबाहेर टांगा लावता लावता माझी दाढी पिकली. 'येणार' म्हटलेल्या गाड्या किती येतात ते मला विचारा.

मी स्वतः गेलो असतो. पण घोड्याने लाथ घातलेला पाय अजून फळ्यांत बांधलेला आहे. टांगा पुतण्या चंदर हाकतो, मी कुबडी घेऊन स्टेशनापर्यंत जातो नि बाकड्यावर बसून येतो. अनंताच्या आईला तर कल्याणसुद्धा परमुलूख. चंद्रा लावणीला तुमच्याकडे आलीच आहे, तेव्हा लेकीला घेऊन तुम्हीच उठा.

वाटा सांगतो. पूर्वी मुंबईहून बोटीने कलकत्त्याला जाता येई, पण बोटी सरकारने लढाईला नेल्या. विमानं रोज डोक्यावरून जातात, त्यांत व्याह्यांना जागा ठेवलेली नाही. राहिली रेल्वे. तिच्याही दोन वाटा, एक जबलपूर-अलाहाबादवरून आणि एक नागपूरवरून. खरगपूर नागपूरच्या वाटेवरच लागतं, तीच धरा. मेल आसनगावला थांबत नाही. इथून पॅसेंजरने इगतपुरी गाठायची. तिथे प्रत्येक गाडीला थांबणं भाग, कारण विजेचं इंजिन सुटून कोळशाचं लागतं. तिथे मेलमध्ये घुसायचं. घुसायचं म्हणतो, चढायचं म्हणत नाही. चढायचे दिवस गेले.

तुम्ही वार आणि मुहूर्त बघत बसाल हे ठाऊक आहे. फार बघू नका.

तुमचा
नामा


धसई, ता. ८ जुलै १९४३

नामा व्याही,

तुमचं पत्र बसूनच वाचलं. वाचल्यावर उठायला मात्र वेळ लागला.

चंद्राला सांगायला खाचरावर गेलो तेव्हा ती पोटरीभर चिखलात उभी होती. हातातली रोपांची जुडी तिने खाली टाकली नाही. मला म्हणाली, "कधी निघायचं, बा?" एवढंच. मग पुढली ओळ लावायला वाकली. तिची आई बाईजा बांधावर बसून रडली, लेकीच्या वाटणीचंही तिनेच रडून घेतलं.

माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे. मिठाच्या गोणींवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकलो. नाणेघाट चढून जुन्नर आणि घाटाखाली कल्याण, एवढ्यात माझी पृथ्वी संपते. तुमचं खरगपूर कुठे म्हणून शाळेतल्या मास्तरांना नकाशात दाखवा म्हटलं. एक बोट त्यांनी मुरबाडावर ठेवलं आणि दुसरं तिकडे ठेवायला त्यांना खुर्चीवरून उठावं लागलं. बाईजा म्हणते, "अगो बाय! नि मधला हा सगळा आपलाच देस?" मी म्हटलं, हो, आपलाच. ती म्हणाली, "मंग यवढा कशाला पायजे व्हता?"

मुरबाडहून कल्याणला मोटार आहे, पण पेट्रोल मिळत नाही म्हणून ती आता कोळशाच्या धुरावर चालवतात. मागे एक पिंप बांधलंय, त्यात आमच्याच रानातला कोळसा जळतो. चढ आला की उतारू उतरून ढकलतात, भाडं मात्र बसल्याचं घेतात. कोळसा भिजला की ती म्हशीसारखी बसते ती बसतेच. शिवाय कल्याणहून सुटलेली गाडी पुन्हा तुमच्याच दारावरून जाणार. मग घास डोक्यामागून तोंडात कशाला घाला? किन्हवलीवरून बैलगाडीने तुमच्याकडे येतो, तिथून रेल्वे.

आता वार. हसायचं तर हसा. उद्याचा शुक्रवार चांगला आहे. शनिवारी आणि सोमवारी पूर्वेला दिशाशूळ, त्या दिवशी आमच्या घरचं माणूस पूर्वेच्या प्रवासाला पाय उचलत नाही. पण उद्याच्या उद्या निघणं होत नाही. दोन खाचरांची रोपं उपटून ठेवलीत, ती सोडून गेलो तर कुजतील. मजूर मिळत नाहीत, सगळे लष्कराच्या रस्त्यांवर गेले. मग वर्षभर आम्ही दोघांनी खायचं काय? म्हणून वाडवडिलांनी जी सोय घालून दिलीय ती करतो. उद्या चंद्राचं परस्तान ठेवतो. तिचं एक लुगडं, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी असं एका फडक्यात बांधून शेजारच्या बारक्याच्या बैलगाडीतून तुमच्या घरी धाडतो. तुमचं घर आमच्या शिवेबाहेर आणि वाटेवर. परस्तान चांगल्या वारी घराबाहेर पडलं की माणूस निघालं असंच धरतात, देह मागाहून गेला तरी चालतो. रविवारी पहाटे आम्ही बापलेक निघतो.

गाठोडं पोचलं की अनंताला तार करा, चंद्रा निघाली म्हणून. आजाऱ्याला निम्मी दवा म्हणजे आपलं माणूस निघाल्याची बातमी.

तुमचा
लडकू


शहापूर, ता. १० जुलै १९४३

लडकू व्याही,

परस्तान काल दुपारी पोचलं. अनंताच्या आईने, धोंडीबाईने, त्याला कुंकू लावून खुंटीला टांगलं. येता-जाता त्याच्याशी बोलते, "आलीस गो? जेवलीस का?" अशी सून मिळाली तर घरात भांडण कशाचं?

लगेच स्टेशनात जाऊन तार केली. तारबाबूला म्हटलं, लिहा, चंद्रा निघाली, बापाबरोबर येते आहे. त्याने वर बघून विचारलं, "निघाली? आता कुठे आहे?" मी म्हटलं, "निघाली म्हणजे निघाली. गाठोडं आलंय घरी." तो मद्रासकडचा माणूस, हसला आणि टिकटिक करायला लागला. उद्यापर्यंत अनंताच्या हाती पडेल म्हणाला.

आता रविवारी या. पॅसेंजर सकाळची बरी. चंद्राला सांगा, सासूने तिच्यासाठी तांदळाचे लाडू केलेत, पण दीर चंदर त्यांच्यावर नजर ठेवून आहे.

तुमचा
नामा


धसई, ता. १३ जुलै १९४३

नामा व्याही,

आमची वाट बघून तुमच्या मानेला रग लागली असेल. हे पत्र जाणू टपालवाला आणतोय. वाळल्या भोपळ्यांची सांगड पोटाशी धरून तो काळू नदी पोहून जातो, थैली डोक्यावर. पत्राला भोपळे मिळाले, आम्हाला नाही.

लावणी शनिवारी संपवली. रविवारी पहाटे निघालो. नदीवर आलो तर नदी कुठे आणि शेत कुठे ते समजेना. लाल पाणी, त्यात आख्खी झाडं फिरत चाललेली. बैलांनी खूर रोवले ते रोवलेच. बारक्या म्हणाला, "काका, बैल माज्यापरीस शहाणं हाय." तेवढ्यात चंद्रा गाडीतून उतरून सरळ पाण्यात गेली. मी ओरडलो, "चंद्रे, मागं फिर!"

तिने तिथूनच विचारलं, "बा, तार गेली नं?"

"गेली."

"मंग मी निघालेय. सांग पाण्याला."

बारक्याने हाताला धरून ओढून आणली.

काल मुरबाडला जाऊन मोटारीची चौकशी केली. कोळसा भिजलाय, गाडी छपराखाली उभी. चालक म्हणतो, ऊन पडलं तर बघू. आषाढात ऊन मागतो! काल तसाही सोमवार, निघण्यासारखा नव्हताच, असं मी माझ्या मनाला सांगितलं. चंद्राला सांगितलं नाही.

परस्तान खुंटीवरून हलवू नका. ते आहे तिथे असलं की आम्ही वाटेतच आहोत.

तुमचा
लडकू


शहापूर, ता. १६ जुलै १९४३

लडकू व्याही,

या. वार बघू नका. मोटार ढकलत कल्याणला न्यावी लागली तरी न्या, नाहीतर चालत या, पण या.

काल स्टेशनात एक लांब गाडी थांबली होती. पुढून लष्कराची गाडी काढायची म्हणून तिला बाजूच्या रुळावर घेतली होती. तिची हकिकत आत्ता लिहीत नाही.

नामा


इगतपुरी स्टेशन, ता. २० जुलै १९४३

नामा व्याही,

मेल यायला अवकाश आहे, म्हणून कार्ड घेतलं. रविवारी पाणी ओसरल्यावर नदी ओलांडली, तुमच्या घरी दोन रात्री राहिलो, आणि तुम्ही माझ्याशी दोन शब्द धड बोलला नाहीत. चंद्रा पाया पडली तेव्हा तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. वाटेत तिने विचारलं, "मामंजी माज्यावर रागावलं काय?" मी म्हटलं, पायाची कळ आली असेल. आम्हाला उशीर झाला म्हणून राग असेल तर तो माझ्यावर काढा. नदी माझ्या गावची आहे.

तुम्ही सांगितलंत तसं विजेचं इंजिन सुटलं. चांगलं गोगलगाईसारखं गुळगुळीत होतं. आता कोळशाचं येतंय, ते ओळखीचं वाटतं, मुरबाडच्या मोटारीसारखं खोकतं. फलाटावर एक चित्र लावलंय, जरूर असेल तरच प्रवास करा असं त्यावर लिहिलंय. मी त्या चित्रातल्या साहेबाला रामराम घातला.

लडकू


शहापूर, ता. २१ जुलै १९४३

लडकू व्याही,

हे पत्र तुम्ही पोचाल तिथे, दवाखान्याच्या पत्त्यावर धाडतोय. पाकिटावर तुमचंच नाव मोठं घातलंय. एकट्याने वाचा.

त्या गुरुवारी जी गाडी थांबली ती आजाऱ्यांची होती, खरगपूरहून मुंबईला चाललेली. मी बाकड्यावर बसलो होतो. एका खिडकीतून हाक आली, "नामाकाका!" बघतो तर वाशिंदजवळच्या वाडीतला जैतू, आपल्या अनंताबरोबर कामाला गेलेला. तोंडाची नुसती हाडं. मी कुबडी टाकून खिडकीला लोंबकळलो.

"अनंता कुठं रं?"

"त्यो उतरला, काका."

"उतरला? कुठं उतरला?"

"तिथंच, खरगपुरात. माज्या शेजारची फळी त्याचीच व्हती. डाक्टरनं चढवला व्हता त्याला, गाडी सुटायची तयारी झालेली. तवा तुमची तार आली. म्हनला, बायको निघालीय माजी. यवढ्या मुलखातनं ती तिकडं येनार नि मी हिकडं जानार? रिकामी खाट बघंल ती. डाक्टर लय बोलला, पुन्हा गाडी कधी मिळंल ठाव नाय म्हनला. आमी सगळ्यांनी सांगितला. नाय ऐकला. घोंगडी काखेत मारून धरून धरून उतरला."

मग त्यानेच मला विचारलं, "वैनी पोचल्या असतील नं आता, काका?"

मी हो म्हटलं.

गाडी कितीतरी वेळ उभी होती, व्याही. माझा टांगा बाहेर होता. अनंता त्या फळीवर असता तर मी आणि चंदरने त्याला उचलून घरी नेला असता. दारावरून गेली त्याची गाडी. आणि ज्या दिवशी तो तिच्यासाठी उतरला त्या दिवशी चंद्रा नदीच्या पलीकडे, तुमच्या गावात होती.

हे मी घरात सांगितलेलं नाही. चंद्राला सांगितलं असतं तर तो प्रवास तिने कसा केला असता? म्हणून तोंड फिरवलं. तुमच्यावर राग धरून बघितला, पण तार माझ्या हातची. तारबाबूने विचारल्यावर मला थांबता आलं नसतं का? पण खरं सांगतो, मला ती निघालेलीच वाटत होती.

तो जिवंत सापडला तर त्याला हे कळू देऊ नका.

नामा


नागपूर, ता. २३ जुलै १९४३

नामा व्याही,

कालपासून नागपुरात अडकलोय. इथे एका कंपनीची रेल्वे संपते आणि दुसरीची लागते. दुसरीच्या दोन गाड्या शिपायांनी भरून आमच्या डोळ्यांपुढून गेल्या. आज रात्रीच्या गाडीत जागा होईल असं हमालाने सांगितलंय. हमालाचा शब्द स्टेशनमास्तरपेक्षा खरा असतो, हे या तीन दिवसांत शिकलो.

मुलूख म्हणजे काय ते आता कळायला लागलंय. घाट चढलो तेव्हा वाटलं झालं, आलं जुन्नर. पण मनमाड गेलं, भुसावळ गेलं, भाताची शेतं संपून काळी माती लागली, कपाशी लागली, लोकांच्या पागोट्यांचे पीळ बदलले, तरी आपलं अजून निम्मंही झालं नाही. डब्यात उभं राहायला जागा नसते, पण आजारी नवऱ्याकडे चाललीय म्हटलं की बाया मांडीवरचं पोर दुसऱ्या मांडीवर घेतात आणि चंद्रापुरती फळी मोकळी करतात. भुसावळला लहानी नावाच्या एका म्हातारीने तिला आपली निम्मी भाकर दिली. मला चटणी दिली. बापाला तेवढंच बास म्हणाली.

चंद्रा मात्र बाहेर बघत नाही. डोक्यावरून पदर ओढून गुडघ्यात मान घालून बसते. मी म्हणतो, "बघ गो, केवढी नदी!" ती म्हणते, "तूच बघ, बा. मला काय करायचीय नदी?" मग येईल त्याला विचारते, खरगपूर किती लांब. कुणी दोन दिवस सांगतं, कुणी चार.

मला आतून वाटतंय, तो बरा होईल. निघाल्याची बातमी मिळाल्यावर अर्धा बरा झालाच असेल. धोंडीबाईंना हे वाचून दाखवा.

तुमचा
लडकू


खरगपूर, ता. ३१ जुलै १९४३

नामा व्याही,

तार तुम्हाला मिळाली असेल. बुधवारी दुपारी आपला अनंता गेला. आता जे झालं ते सगळं लिहितो. तुम्ही त्याचे बाप आहात, तुम्हाला ते मिळालं पाहिजे.

आम्ही सोमवारी सकाळी पोचलो. स्टेशनाबाहेर माणसंच माणसं पडलेली, बाया, पोरं, अंगावर चिंधी. इथे दुष्काळ आहे, व्याही. तो आपल्याकडे कुणी लिहून कळवला नाही. ती माणसं हात पुढे करून एकच शब्द म्हणत होती. मी एकाला अर्थ विचारला. भात नव्हती मागत ती. भाताची पेज मागत होती. आपण गुरांना ओततो ती. माझ्या पिशवीत तुमच्या घरचे लाडू होते, ते कसे गेले मला समजलंच नाही.

दवाखान्यात मी अनंताच्या खाटेवरून पुढे निघून गेलो, इतका तो वाळलेला. चंद्राने ओळखला. पायाशी जाऊन उभी राहिली. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "आलीस?" मग जरा दम घेऊन म्हणाला, "तार आली तवा मी गाडीत व्हतो. मुंबईच्या. उतरलो तुज्यासाठी. बरं केला नं?"

तुमचं पत्र तेव्हा माझ्या हाती आलेलं नव्हतं, ते संध्याकाळी दवाखान्याच्या कचेरीत मिळालं. आम्हा दोघांना हे त्याच्याच तोंडून कळलं. चंद्राने माझ्याकडे एकदा बघितलं. असं बघणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार.

ती खाटेवर बसली, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि म्हणाली, "बरं केलात. मी तवा गाडीतच व्हते. तुमी गेला असता तर मी कुनाकडं बघितला असता?"

तो म्हणाला, "मंग यवढं दिवस?"

"मुलूख का थोडा हाय?" ती म्हणाली, आणि सांगायला लागली.

व्याही, माझ्या पोटची पोर, पण तिच्या तोंडात एवढं आहे हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाली, एक नदी लागली, तिच्यावर पूलच नाही. तर भोपळ्यांची मोठी सांगड केली आणि आख्खी गाडी तिच्यावर चढवून पलीकडे नेली, एक दिवस त्यात गेला. पुढे कोळसा भिजला, तेव्हा सगळे उतारू उतरले आणि गाडी ढकलत दोन गावं गेले, बायासुद्धा, तिनेपण हात लावला. पुढे एका रानात रुळावर हत्ती येऊन बसला. तो उठेना. त्याला गूळ द्यावा तर गूळ रेशनवर! अनंता हसला. हसताना त्याला खोकला आला, तिने पाठ चोळली. तो म्हणाला, "मंग?"

ती सोमवारी बोलली, मंगळवारी बोलली. अन्न त्याच्या पोटात ठरत नव्हतं, पाण्याचे दोन घोट आणि तिची गाडी एवढ्यावर तो होता. ती जरा थांबली की तो म्हणायचा, "मंग?" आजूबाजूच्या खाटांवरची मराठी कळणारी पोरंही कान देऊन पडलेली. एक म्हणाला, "वैनी, आमच्या येळंला हत्ती नाय दिसला वो." ती म्हणाली, "तुमी झोपला असाल, भावजी."

बुधवारी ती एका घाटाचं सांगत होती, गाडी चढेना म्हणून मागून बैल जुंपले होते असं काही. त्याचा 'मंग' आला नाही. ती आणखी थोडं बोलली. बैल वर पोचले, गाडी पोचली, मग ती थांबली.

इथल्या पोरांनी लाकडं आणली, खांदा दिला. अग्नी मी दिला. तुमच्या हातचा तो मान माझ्याकडे आला, त्याची माफी.

तुमचं पत्र मी वाचून चुलीत घातलं. तार तुमच्या हातची आणि परस्तान माझ्या हातचं. रोपंही माझीच. कावडीचं एक टोक तुमच्या खांद्यावर नि दुसरं माझ्या. दोघांनी धरल्याने ओझं कमी होतं असं नाही, पण एकट्याने तर कावड उचलतच नाही.

आता एक गोष्ट उरली. ती चंद्राला ठाऊक नाही, आणि तुमच्यामाझ्यातच राहायची आहे.

मंगळवारी दुपारी ती पाणी आणायला गेली होती. अनंताने मला खुणेने जवळ बोलावलं. "मामा," म्हणाला, "मी याच वाटेनं आलो हाय. ती नदी ठाव हाय मला, पूल हाय तिच्यावर. रानात हत्ती नाय का काय नाय." मी खाली बघत राहिलो. तो म्हणाला, "लावणी चालू व्हती नं?"

मी मान हलवली.

"लागली समदी?"

"लागली."

"चांगला झाला." मग डोळे मिटून थोडा वेळ पडून राहिला. मला वाटलं झोप लागली. डोळे न उघडताच म्हणाला, "तिला बोलू नका, मामा. झ्याक सांगते."

ती पाणी घेऊन आली. त्याने दोन घोट घेतले आणि म्हणाला, "हत्ती उठला का मंग?"

चंद्राला वाटतं, त्याला सगळं खरं वाटलं. माझ्याशी ती कामापुरतंच बोलते, बोलली नाही तर मी तिला दोष देत नाही. पण आपण त्याला सुखाने धाडला एवढं तिच्यापाशी आहे, दुसरं काही राहिलेलं नाही. परतीच्या गाडीत जागा मिळेल तेव्हा निघू. कधी ते सांगत नाही, आणि तुम्ही वाट बघत स्टेशनात बसू नका.

ती तुमच्याकडे येईल, तुमचीच आहे. आल्यावर सासूला प्रवासाचं सांगेलच, धोंडीबाई विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत. नदी सांगेल, हत्ती सांगेल. तुम्ही रेल्वेच्या दारातली माणसं, तुम्हाला सगळी स्टेशनं पाठ. कुठे चुकली तर चुकू द्या, व्याही. तोंड फिरवू नका. नुसतं 'मंग?' म्हणा.

तुमचा
लडकू